नंबर तिचाच टाकला

सरकारनं आम्हा आशा सेविकांना मोबाईल दिले, तेव्हा त्यात गरोदर बाईचं नाव आणि एक फोन नंबर भरायचा होता. त्या नंबरवर दर आठवड्याला आवाजी निरोप जायचा: गोळ्या घ्या, पाय सुजले तर दाखवा. तपासणीत काही वावगं निघालं, तर दवाखान्यातून फोनही तिथंच. भूकंपानंतर नव्यानं वसलेल्या आमच्या गावात बहुतेक नंबर नवऱ्यांचे होते.

आमच्या घरांच्या ओळीतल्या एका पहिलटकरणीचा नवरा लातूरला क्लासच्या पोरांच्या मेसमध्ये पोळ्या लाटायचा. बायकोसाठीचे निरोप त्याला भट्टीसमोर यायचे; हात पिठात, म्हणून फोन स्पीकरवर. "बाळाची हालचाल जाणवते का?" असं फोनमधली बाई विचारायची आणि सगळी मेस हसायची. मग त्यानं ते फोन उचलणंच सोडलं.

एका तपासणीत तिचं बीपी वाढलेलं निघालं, पण गर्दीत ते नुसतं लिहिलं गेलं आणि ती घरी गेल्यावर नोंदी बघताना ध्यानात आलं. दवाखान्यानं फोन केला तो लातूरला; नंबर वेगळा दिसला म्हणून त्यानं उचलला. नवऱ्यानं आपल्या बापाला, आबांना कळवलं, आणि ते म्हणाले, "बाईमाणसाला थोडंबहुत व्हतंयच." तिला कुणी काही सांगितलंच नाही. पुढच्या फेरीला मी गेले, तेव्हा तिचं तोंड सुजलेलं, डोकं ठणकत होतं. तिला तशीच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. गोळ्या सुरू झाल्या म्हणून बरं, नाहीतर काय झालं असतं ते मी आजही मनात आणत नाही.

परतल्यावर मी आबांच्या ओट्यावर जाऊन बसले. "आबा, आता घरातला फोन सुनेकडं राहील."

"बाईच्या हातात फोन कशाला? तू घरं फोडायलीस का?"

त्यांची धाकटी बहीण भूकंपात गेली होती. ढिगाऱ्याखालून तिचा आवाज येत होता, असं ते स्वतःच सांगायचे. माझ्या तोंडून निघून गेलं, "तवा हाक यायची, पण काढायला हात कमी पडले. आता हात हायत आबा, तर तुम्ही हाकच बंद करता?"

ते उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दवाखान्यात माझी तक्रार केली.

डॉक्टरसाहेबांनी मला बोलावलं. "घरचे जो देतील तो नंबर टाका. उगीच वाद नको."

"साहेब, पोट तिचं हाय. नंबर तिचाच पडंल."

"काम सोडावं लागेल."

"सोडायला लावा. पण लेखी द्या, की बाईच्या आजाराचा निरोप बाईला देऊ नये."

त्यांनी लेखी काही दिलं नाही. मीही मागं हटले नाही.

पुढं तिचा नवराच सुट्टीवर आला तेव्हा एक बटनाचा फोन घेऊन आला. क्लासची पोरं अभ्यासात मन राहावं म्हणून असले साधे फोन वापरतात, आणि परीक्षा झाली की एखादं टाकून जातं. मेसच्या मालकिणीनं तो त्याला दिला होता. त्यानं बापासमोरच तो बायकोच्या हातात ठेवला. म्हणाला, "दवाखान्याचं मला काय कळतंय? हिचं हिलाच कळू दे."

मी तिथंच बसून तिचा नंबर भरला.

सोयाबीन काढणीच्या दिवसांत, भर दुपारी, घरात ती एकटी असताना तिला कळा सुरू झाल्या. रुग्णवाहिकेला फोन तिनंच लावला. पलीकडच्या माणसाला ऐकू येईना, तशी ती ओरडून गावाचं नाव सांगत होती. शेजारणी गोळा झाल्या. मी पोचले तेव्हा गाडी वळणावर दिसत होती.

मुलगी झाली. दोघी सुखरूप घरी आल्या.

 मग ओळीतल्या बाकीच्या बाया आपणहून नंबर घेऊन येऊ लागल्या. कुणी माहेरून फोन आणला, कुणी सासूशी भांडून. दवाखान्यातल्या आशांच्या बैठकीत डॉक्टरसाहेबांनी पुन्हा विचारलं, "तुमच्या गावात घरच्यांचे नंबर का नाहीत?"

मी उभी राहून म्हणाले, "घरच्यांचेच हायत साहेब. बाया घरच्याच असतात."