संदर्भसूचीतलं पहिलं नाव

मंडळी, दुपारपासून मी जरा तरंगतेच आहे. इथे लिहून टाकते, म्हणजे जमिनीवर येईन.

माझा पेपर झाशीतल्या मराठी घरांमधल्या भोंडल्याच्या गाण्यांवर आहे. आज फक्त शेवटची संदर्भसूची लावायची राहिली होती. आधी आडनाव, मग नाव, सगळं अकारविल्हे. अगदी कंटाळवाणं काम! ज्यांनी मला गाणी सांगितली, त्या इथल्याच नगरा भागातल्या काकूंचं नावही त्यात घालायचं होतं, म्हणून लॅपटॉप घेऊन त्यांच्याच गच्चीवर जाऊन बसले.

"सप्रे, सुनंदा. बरोबर ना काकू?"

काकू उन्हात मटार सोलत होत्या. त्यांचे हात थांबले.

"गाणी तर मी माहेरी शिकले गं. तेव्हा सुनंदा कुठे होती? ती लग्नात ताटातल्या तांदळावर लिहिली. त्याआधी मी कुमुद. कुमुद आठल्ये."

मी तेच टाइप केलं आणि यादी पुन्हा लावली. तळाशी बसलेल्या काकू सगळ्या प्राध्यापकांच्या वर, पहिल्या ओळीत जाऊन बसल्या.

शेजारी वर्तमानपत्र वाचत बसलेल्या काकांनी वाकून स्क्रीन पाहिली आणि मिश्कीलपणे म्हणाले, "कुमुदजी, चाय मिलेगी?"

काकू हसल्या नाहीत. अगदी हळू, परकरातल्या मुलीसारखी त्यांनी ओ दिली.

अजून ती ओ कानात आहे.

तुमच्या आईला आज तिच्या माहेरच्या नावाने हाक मारलीत, तर ओ कोण देईल?