दहा वाजता खरवडायचा चेहरा

सेन नदीच्या आमच्या काठावर लेओकादी पिशोंइतकी कडक कॉलर कुणी करत नसे. एकतीस वर्षं इस्त्री करणाऱ्या बाईला सुरकुती सहन होत नाही. नवऱ्याच्या तेवढ्या तिने चालवून घेतल्या होत्या. नवरा बाझील, होडीवाला. सप्टेंबरात डॉक्टरांनी त्याच्या फुप्फुसांना नोव्हेंबरातल्या मृतांच्या सणापर्यंतची मुदत दिली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की याचं एकही चित्र घरात नाही. फोटो एकदा काढला होता; त्यात तो हलला आणि कॉलरच्या वर नुसता धूर आला.

म्हणून ती व्हार्निएंकडे गेली. हे गृहस्थ काठावर छत्री रोवून पाण्याची, बर्फाची चित्रं काढत. ती चित्रं पॅरिसच्या प्रदर्शनातून नियमितपणे नापसंत होऊन परत येत. ते तयार झाले, पण बैठक बागेत, नऊ ते दहा, ऊन असेल तरच.

पहिल्या दिवशी बाझील लग्नातला काळा कोट चढवून, श्वास रोखून बसला. व्हार्निएंनी कोट उतरवायला लावला आणि बोलत राहा म्हणाले. दहा वाजता त्यांनी रंगवलेला चेहरा चाकूने खरवडून टाकला. दुसऱ्या दिवशीही तेच. कालच्या उन्हातला चेहरा आजच्या उन्हात खोटा, असं त्यांचं म्हणणं. मग चार दिवस ढग. लेओकादी आकाशाकडे अशी बघे, जणू ते वेळेत धुऊन द्यायचं तिनेच कबूल केलंय. बाझीलला आता खुर्चीपर्यंत दोघांनी धरून आणावं लागे.

सातव्या दिवशी ऊन पडलं. बाझील रुमाल लपवत, खोकत, शेजाऱ्याच्या गळाला लागलेल्या बुटाची गोष्ट सांगू लागला. व्हार्निए भराभर रंग थापत होते. कपाळ हिरवट, गालाखाली जांभळं. दहाचे ठोके पडले आणि त्यांचा हात चाकूकडे गेला.

लेओकादी मध्ये उभी राहिली.

“चाकू ठेवा, मोस्यो.”

“अहो, नाक व्हायचंय अजून. डोळेही नाहीत.”

“नसू देत. बुटाची गोष्ट सांगताना हा असाच दिसतो.”

“उद्या नीट करतो, मादाम.”

“उद्याचं कुणाच्या भरवशावर बोलताय?”

माझं नाक नेमकं कुणाला नकोय, असं बाझीलने खुर्चीतून विचारलं. व्हार्निएंनी चाकू विजारीला पुसून खिशात घातला. तरी ती हलेना. ते पेटी आवरून फाटकाबाहेर पडेपर्यंत ती चित्राला पाठ करून, अगदी चिकटून उभी होती. त्यात चित्रातल्या बाझीलचा ओला डावा खांदा फिसकटला. तो नीट करायला तिने पुढे व्हार्निएंना कधीच घरात घेतलं नाही.