मेव्हिस प्रॉबर्टची शीव

क्रॅडविकमध्ये मेव्हिस प्रॉबर्टला सगळे ओळखत, पण तिला गावची असं कुणी म्हणत नसे. इंग्लंडच्या हेरफर्डशर भागात गावचं व्हायचं तर जन्म गावात व्हावा लागतो, आणि शक्यतो आजोबांचाही. मेव्हिस लग्न करून बर्मिंगहॅमहून आली त्याला चाळीस वर्षं होऊन गेली होती. तिचे केस पांढरे झाले तरी गावातल्या म्हाताऱ्या तिला अजून ‘ती शहरातली पोरगी’च म्हणत.

तिनं आयुष्यभर फिरत्या ग्रंथालयाची गाडी चालवली. चर्चच्या भिंतीशी नाहीतर पबच्या अंगणात गाडी उभी करायची, मागचं दार उघडून पायरी खाली सोडायची आणि किटलीतला चहा ओतून वाट बघायची. लोक पुस्तक बदलायला येत आणि बोलत बसत. कुठल्या कुरणाखाली अख्खं गाव गाडलं गेलंय, कुठल्या चर्चची घंटा शेजारच्यांनी पळवली, मेंढ्या कुठल्या पुलाखाली धुवायचे, हे सगळं तिला न विचारता कळे. मग सुट्टीच्या दिवशी नवऱ्याला, लेनला, घेऊन ती ते बघायला जाई. लेन मोटारीत बसून सँडविच खाई.

“आज काय, आणखी एक उंचवटा?” तो विचारी.

“गाव होतं ते, लेन.”

“होतं ना? मग आता बघायला काय आलोय आपण?”

पण नेऊन सोडायला तो कधी नाही म्हणाला नाही.

निवृत्त झाल्यावर मेव्हिसनं गावात एक जुनी प्रथा पुन्हा सुरू केली. ती म्हणजे शिवेची फेरी. मे महिन्यातल्या एका रविवारी, सफरचंदाच्या बागा बहरलेल्या असताना, सगळं गाव व्हिकरच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूच्या, मागून शिवेवरून चालत जातं. हातात विलोच्या झाडाच्या सोललेल्या काठ्या असतात. शिवेचा दगड आला की त्यावर काठ्या आपटायच्या, प्रार्थना म्हणायची, आणि एका पोराला पाय धरून उलटं उचलायचं आणि त्याचं डोकं दगडाला हळूच टेकवायचं. जागा जन्मभर लक्षात राहावी, एवढाच त्यातला हेतू. नकाशे नव्हते तेव्हा पोरांची डोकी हेच गावाचे नकाशे होते.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ही फेरी बंद पडली होती. मेव्हिसनं काट्याकुट्यांत शिरून एकेक दगड शोधला. फक्त ओढ्याकडचा शेवटचा दगड सापडेना. शेवटी ब्रॉक कुरणात तिला एक उभा दगड दिसला. कमरेएवढा उंच, दोन्ही अंगांनी गुळगुळीत. “पिढ्यान् पिढ्यांचे हात लागलेत याला,” ती सगळ्यांना सांगे. त्यानंतर अकरा वर्षं क्रॅडविकची पोरं त्या दगडाला डोकं टेकवत आली.

यंदा गावातल्या ग्वेननं आपल्या वडिलांना गावात राहायला आणलं. सिरिल बफ्टन नव्वदीचा होता. लहानपणीच त्याच्या घरच्यांनी इथलं शेत सोडलं होतं आणि त्याचं सगळं आयुष्य वेल्समध्ये मेंढ्यांमागं गेलं होतं. पण युद्धाआधीच्या शेवटच्या फेरीत शेवटच्या दगडाला ज्याचं डोकं टेकवलं, तो पोरगा म्हणजे हाच. हे कळल्यावर मेव्हिसला रात्रभर झोप लागली नाही. पाहुणा म्हणून तिनं त्याला फेरीचं बोलावणं दिलं.

चालणं त्याला जमणार नव्हतं, म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्ची ठेवून त्याला ब्रॉक कुरणात आणलं. थॉर्नलो या शेजारच्या गावाचा रेज स्करमही आला होता. त्याला बोलवावं लागत नसे, आणि तो येई तो चिडवायलाच.

“हं, सिरिल,” मेव्हिस म्हणाली. “हाच ना तो?”

सिरिलनं डोळे बारीक करून पाहिलं. मग तो इतका हसला की ग्वेननं त्याची पाठ धरली.

“पोरी, हा आमच्या बांनी पुरलेला दगड. गायींना अंग घासायला! नाहीतर त्या कुंपण पाडायच्या.”

मग रेजनं टोपी काढून त्या दगडाला वाकून नमस्कार केला.

“म्हणजे क्रॅडविकवाल्यांनी अकरा वर्षं पोरं आपटली ती गायीच्या खाजेवर! तरीच मी म्हणतोय, इथली पोरं हंबरतात का?”

सगळे हसले. व्हिकरबाई हिलरीसुद्धा प्रार्थनेचा कागद तोंडावर धरून हसत होत्या. मेव्हिसही हसली, पण घरी आल्यावर ती चिखलाचे बूट न काढताच स्वयंपाकघरात बसून राहिली.

“मी हिलरीला सांगते, पुढच्या वर्षी फेरी नको,” ती म्हणाली.

“एका दगडासाठी?”

“दगडाचं नाही रे. लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवून पोरं माझ्या हातात दिली. आता कोणत्या तोंडानं बोलावू त्यांना? शहरातली बाई आली आणि गावाला गावाची शीव शिकवायला लागली, असंच म्हणतील. आणि खरंच आहे ते.”

लेननं चहा केला. तिच्यासमोर कप ठेवून तो म्हणाला, “खरा दगड कुठंय, ते विचारलंस का त्याला?”

ते तिनं विचारलंच नव्हतं. लाजेच्या भरात राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती ग्वेनकडं गेली. सिरिल खिडकीशी बसून लोणी लावलेला टोस्ट खात होता.

“जागा विचारू नकोस,” तो म्हणाला. “ते ऐंशी वर्षांपूर्वीचं. त्यात मी उलटा. उलट्या माणसाला जागा काय कळणार?”

“मग दिसलं काय होतं?”

सिरिलचा टोस्ट हातातच राहिला. “थॉर्नलोच्या चर्चचा मनोरा,” तो सावकाश म्हणाला. “छपराला बर्फाचा सुळका लोंबतो ना, तसा खाली लोंबत होता. आणि त्याचं टोक दोन टेकड्यांच्या मधल्या खाचेत बरोबर बसलं होतं. मला वाटलं, आता हा आभाळात पडणार. म्हणून मी रडलो, आणि बा म्हणाले, डोक्याला लागलं म्हणून रडतोय.”

त्याच दुपारी मेव्हिस ओढ्याच्या काठाला गेली. उभ्यानं बघितलं तर ऑल्डरच्या झाडांच्या फांद्या आड येत, मनोरा काही दिसेना. मग तिनं इकडंतिकडं पाहिलं. कुणी नव्हतं. अडुसष्टाव्या वर्षी, गुडघ्याचं दुखणं असताना, ती पाय फाकवून खाली वाकली आणि दोन पायांमधून थॉर्नलोकडं बघू लागली. फांद्यांच्या खालून मनोरा दिसला, पण टेकडीच्या पोटावर. ती दोन पावलं सरकली, पुन्हा वाकली.

“मेव्हिस!” ओढ्यापलीकडून आवाज आला. “दगड गेला तर गेला, डोकं तरी शाबूत ठेव!”

रेज होता. कुंपण छाटायला आलेला, हातात कोयता.

“गप्प बस आणि सांग,” ती वाकूनच ओरडली, “तुमचा मनोरा दोन टेकड्यांच्या मध्ये कुठून दिसतो?”

“मला काय ठाऊक? मी माणसासारखा सरळ बघतो.”

पण पाचेक मिनिटांनी तोही आपल्या काठावर वाकला होता. असं दोन गावांचं दोन बाजूंनी बघणं चाललं असताना मेव्हिसच्या डोळ्यांपुढं मनोरा हळूच सरकला आणि खाचेत जाऊन बसला. ती तशीच थांबली. हलायची भीती वाटली.

“इथं!” ती म्हणाली. “माझ्या पायाशी बघ. मी हलत नाही.”

रेज ओढा ओलांडून आला. तिथं नुसती ब्लॅकबेरीची जाळी माजली होती. तो कोयता चालवत राहिला, पुटपुटत राहिला, क्रॅडविकच्या काट्यांना शिव्या घालत राहिला. मग कोयत्याचा खणकन आवाज झाला. शेवाळ खरवडल्यावर दगडाच्या एका अंगावर क्रॅडविकचा ‘सी’ आणि दुसऱ्या अंगावर थॉर्नलोचा ‘टी’ अशी कोरलेली अक्षरं निघाली.

रेज बराच वेळ त्या दुसऱ्या अक्षरावरून बोट फिरवत होता.

“आमचापण आहे की गं हा,” तो म्हणाला. चिडवायचं तो विसरून गेला होता.

“मग तुम्हीपण या रविवारी,” मेव्हिस म्हणाली. म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की तिनं फेरी बोलावली.

हिलरीबाईंनी चर्चच्या दारावर सूचना लावली. मेव्हिसला वाटलं होतं, दहा-बारा जण येतील, तेही हसायला. पण रविवारी थॉर्नलोहून रेजच्या मागं अख्खी रांग ओढा ओलांडून आली. इकडून क्रॅडविकचे लोक आले, आणि त्यांच्या पुढं अकरा वर्षांत गायींच्या दगडाला डोकं टेकवलेली सगळी पोरं. काही अजून लहान होती. काहींना मिशा फुटल्या होत्या. ट्रॅक्टर चालवणारी, सहा फूट उंचीची रोवेना पार्टन हाताची घडी घालून मेव्हिससमोर उभी राहिली.

“माझं डोकं चुकीच्या जागी टेकवलंत तुम्ही, मिसेस प्रॉबर्ट.”

मेव्हिसचा चेहरा पडला. “हो गं. चुकलंच माझं.”

“मग परत टेकवा. मला गायीची शीव नको, गावाची पाहिजे.”

“तुला कोण उचलणार, बाई?”

“चौघं लागतील,” लेन म्हणाला आणि त्यानं कोट काढून कुंपणावर टाकला. दोघं क्रॅडविकचे, दोघं थॉर्नलोचे असे चौघं पुढं झाले. रोवेना किंचाळत, हसत उलटी झाली. सिरिल ट्रॉलीतून ओरडत होता, “अगं, डोळे मिटू नकोस! दिसतोय का मनोरा? दिसतोय का?”

“दिसतोय!” रोवेना खालून ओरडली. “लोंबतोय!”

तिच्या मागं रांग लागली होती. पोरं एकमेकांना ढकलत होती, आणि पुढं घुसणाऱ्यांना रेज विलोच्या काठीनं मागं सारत होता. मेव्हिसनं बाह्या वर केल्या, दगडापाशी गुडघे टेकले, आणि पुढच्या पोराचं डोकं टेकवायला दोन्ही हात पुढं केले.