विहिरीवरचा लाल ठिपका

मंडळी, आज मान खाली घालून परत आले.

आमच्या एमएस्सीत जनुकशास्त्र, कॉम्प्युटर आणि पर्यावरण एकत्र शिकवतात. अल्लीपूर गावातल्या विहिरींच्या पाण्यातले सूक्ष्मजीव डीएनएवरून ओळखून मी नकाशा बनवला आणि काल हौसेने गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला.

आज गावात गेले, तर एरवी गर्दी असलेल्या कमलकाकूंच्या विहिरीवर काकूंशिवाय कोणीच नव्हतं.

"माह्या विहिरीले लाल काऊन केलं व पोरी?" काकूंनी विचारलं.

लाल म्हणजे फक्त जास्त प्रकारचे जीव. पाणी खराब आहे असं नाही, मी समजावलं. नकाशावरच्या ठिपक्याचा रंग कॉम्प्युटरने आपोआप दिला होता. मी बदलला नाही, खाली रंगाचा अर्थ सांगणारी एक ओळही लिहिली नाही.

"मंग मले काऊन सांगून राह्यली? त्यायले सांग."

घरोघरी जाऊन सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, चहाही दिला. चहा दुसऱ्या विहिरीच्या पाण्याचा होता.