रेडिओच्या ग्रुपवर दुधी भोपळा

माझ्या अब्बांचं बारामतीत रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. शाळेतून आले की मी तिथंच बसायचे. त्यामुळे पोळ्या शिकायच्या आधी मला तारांना कथलाचा डाग लावता यायला लागला. पुढे मी हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागले, दुकान बंद झालं, पण जुने व्हॉल्व्हचे रेडिओ उघडून बसायची खोड काही गेली नाही. अशीच खोड असलेली माणसं बारामती आणि इंदापूर तालुक्यांत आणखी आहेत हे कळल्यावर मी त्यांचा व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. बघता बघता साठेक जण जमले.

बाई शिक्षिका, त्यामुळे ग्रुपच्या आधी नियम तयार होते. फक्त रेडिओविषयी बोलायचं. सुप्रभात, वाढदिवस, राजकारण बंद. विषय सोडून टाकलेला मेसेज काढून टाकला जाईल आणि तिसऱ्यांदा तसं झालं तर आठवडाभर ग्रुपबाहेर. कन्हेरीच्या एका निवृत्त तलाठीकाकांनी लगेच विचारलं, "नियम ॲडमिनला लागू आहेत का?" मी वर्गात बोलावं तशा ठसक्यात लिहिलं, "ॲडमिनला तर माफी एकदाही नाही. पहिल्याच चुकीला बाहेर."

आमच्या ग्रुपवर इंदापूरकडचे एक आबा होते. वाडवडील मेंढरं राखायचे, आबांनी डाळिंबं लावलेली. ते ग्रुपच्या लिंकवरून आत आले होते, ती त्यांना कुणी दिली ते कुणालाच माहीत नव्हतं. पहिल्याच दिवशी त्यांनी हातभर लांब दुधी भोपळ्याचा फोटो टाकला. मी काढला. त्यांनी परत टाकला. मी परत काढला. तिसऱ्यांदा भोपळ्याशेजारी स्वतः उभे राहून काढलेला फोटो आला आणि खाली आवाजातला निरोप, "मॅडम, माझा फोन फोटू खातोय. तुमाला मशिनीतलं कळतंय म्हून इचारतो."

मी फोन केला.

"आबा, फोन चांगला आहे. फोटो मी काढतेय."

"आवं, फोटू तर माझ्या सुनेनं काढलाय."

"तसं नाही, ग्रुपवरून काढून टाकतेय. ग्रुप रेडिओचा आहे ना?"

"व्हय की. मग रेडिओवर शेतीचं सांगत न्हाईत व्हय? पावसाचं सांगत्यात, बाजारभाव सांगत्यात, बायांना लोणची शिकिवत्यात. रेडिओवर समदंच लागतंय की."

वीस वर्षं पोरांच्या शंकांना उत्तरं देणारी मी. "तरीपण नको," एवढंच म्हणून फोन ठेवला. त्यांना ग्रुपबाहेर काढायचं धैर्य काही झालं नाही. मग ते कोंबड्याची बांग पाठवायचे आणि मी काढायचे, असं आमचं रोजचं चाललं.

एका रविवारी थोरल्या जाऊबाईंकडे जेवण होतं. घरी आल्यावर मी माझ्या बहिणीला लिहिलं, "आज जाऊबाईंची बिर्याणी. मीठ विसरल्या होत्या, बहुतेक मसालाही. नुसता पिवळा भात. मी तीनदा 'वा' म्हणाले आणि चारदा पाणी प्याले."

पाठवलं, फोन उशाला ठेवला आणि छान डुलकी काढली. उठले तेव्हा ग्रुपवर चाळीस मेसेज. मला वाटलं, कुणाला तरी दुर्मीळ सेट सापडला. उघडून बघते तर वर माझी बिर्याणी आणि खाली हसून लोळणारे चेहरे. एकाने विचारलं होतं, "मॅडम, ही बिर्याणी मीडियम वेव्हवर लागते का शॉर्टवेव्हवर?" आणि त्या सगळ्यात एकच निमूट अंगठा होता, माझ्या थोरल्या दिरांचा. धाकट्या भावजयीच्या कौतुकासाठी म्हणून ते ग्रुपमध्ये होते, हे मी साफ विसरले होते.

मेसेज सगळ्यांसाठी काढून टाकला, पण आता काय उपयोग! इतक्यात तलाठीकाकांनी माझा नियम जसाच्या तसा परत ग्रुपवर लावला. खाली फक्त "सविनय" असं लिहिलं. मी त्यांनाच ॲडमिन केलं आणि मुकाट्याने ग्रुप सोडला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना आबांचा फोन.

"मॅडम, तुमाला भाईर काढलं व्हय? मला लई वाईट वाटलं. मी एवढं भोपळं टाकलं, मला कुणी हात लावला न्हाय."

"नियम आहे, आबा."

"आसूद्या. मी हितं बसून वाचून दावतो. ऐका."

आणि त्यांनी खरोखर दिवसभराचे सगळे मेसेज वाचून दाखवले. अक्षर अक्षर लावत, मध्ये स्वतःची भर घालत. "लोणी भापकरचा गडी म्हणतोय, डायलचा दोरा तुटलाय. म्होरं एकानं लिवलंय, मासं धरायची तंगूस लावा. मॅडम, ह्ये बराबर हाय का?"

"बरोबर आहे. पण दोन वेढे जास्त द्यायला सांगा."

"थांबा, सांगतो." लगेच त्यांचा आवाजातला निरोप ग्रुपवर जायचा, "मॅडम भाईर हायती, पर त्या म्हणत्यात दोन येढं जास्ती द्या."

आठवडाभर रोज हे चाललं. ग्रुपची बित्तंबातमी मला कळत होती. तलाठीकाकांनी पहिले दोन दिवस सगळ्यांना धारेवर धरलं. तिसऱ्या दिवशी स्वतःच्या नातवाच्या बारशाचे बावीस फोटो टाकले. "पाळणा चांगला हाय," आबा म्हणाले, "पर रेडिओ कुठं दिसंना."

शुक्रवारी जाऊबाईंनी मला परत जेवायला बोलावलं. नाही म्हणायची सोय नव्हती. ताटात बिर्याणी वाढली आणि ताटाशेजारी मिठाचा अख्खा डबा ठेवला. म्हणाल्या, "आज लिहू नकोस हं. काय ते तोंडानं सांग." दीर भिंतीकडे बघून हसू दाबत होते. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, "आधी खा." बिर्याणी खरंच झकास झाली होती. मी दोनदा घेतली. मग त्याच म्हणाल्या, "त्या दिवशी बिघडलीच होती गं. पण साठ लोकांना कशाला सांगायचं?"

आठवडा संपल्यावर मी ग्रुपमध्ये परतले आणि नियम सैल केला. शनिवार अवांतराचा, त्या दिवशी काहीही टाका. पहिल्या शनिवारी दिवसभरात एकही मेसेज आला नाही. संध्याकाळी एकाने घाबरत घाबरत विचारलं, "आज रेडिओविषयी विचारलं तर चालेल का?" रविवारी सकाळी मात्र लग्नपत्रिका, मोराचा व्हिडिओ आणि ट्रॅक्टर विकणे आहे, सगळं धडाधड येऊन पडलं.

पुढे आबा डाळिंबं घेऊन बारामतीला मार्केट यार्डात आले तेव्हा आमच्या घरी डोकावले. पांढरा पटका, हातात पिशवी. बसल्या बसल्या म्हणाले, "येक बगू द्या की तुमचा रेडिओ." तेव्हा मला कळलं की त्यांच्याकडे रेडिओ नव्हताच, कधीच नव्हता. "रेडिओचा ग्रुप म्हणल्यावर मला वाटलं फोनवर गाणी लागत्याली," ते म्हणाले. "म्हून पुतण्याला म्हणलं, घाल मला त्यात."

मी अब्बांचा सेट लावला. तो तापेपर्यंत आबा हात जोडून बसले. मग आवाज आला, मधमाशीपालनावर कुणी तरी बोलत होतं. आबांनी अर्धा तास मान डोलवत ऐकलं. मध्येच ते रेडिओला म्हणाले, "आवं, पर पेटी ठिवायची कुठं, उन्हात का सावलीत?"

रेडिओ बोलतच राहिला.

"ह्यो ऐकत न्हाय व्हय आपलं?"

"नाही आबा. नुसतं ऐकायचं असतं."

त्यांना ते पटलं नाही. चहा झाल्यावर मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या ग्रुपवर इचारतो. कुणाला तरी ठावं आसंल." मी "विचारा" म्हणाले. वार गुरुवार होता. त्यांनी माझ्या समोरच फोन तोंडाजवळ धरला आणि मधमाश्यांच्या पेट्यांबद्दल साठ रेडिओवाल्यांना खणखणीत आवाजात विचारलं. उत्तर सगळ्यात आधी आलं ते दिरांच्या नंबरवरून, पण जाऊबाईंच्या आवाजात. दिरांचा फोन बहुतेक वेळा त्यांच्याच हातात असतो, हेही मला त्या दिवशी कळलं.