झाकलेली खिरापत

महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली असतील. आम्ही मोताळ्यात राहायचो, आणि माझ्या सासूबाईंचं भान सुटलं होतं. लेकाला त्या पाहुणा म्हणायच्या, मी तर वैरीणच. चार दिवस पोटात अन्न नव्हतं. ताट पुढे केलं की ओरडायच्या, "कोन वं तू? माह्या भाकरीत काय कालवलं?" वैद्यांनी हात टेकले होते. खरं सांगते, चौथ्या दिवशी मनात आलं, सुटल्या तर बरं. देवापुढे मी हे बोलूनही दाखवलं.

भुलाबाईचे दिवस होते; पार्वतीचंच रूप ते, कोजागिरीपर्यंत पोरी घरोघर तिची गाणी म्हणतात. गल्लीतल्या पोरी अंगणात गाणी म्हणायला आल्या, तर मी त्यांच्यावरच खेकसले, "यंदा आमच्याकडे काही नाही!" दारात आलेली भुलाबाई परत पाठवणारी गल्लीत मीच पहिली असेन.

दिवेलागणीला दारात एक अनोळखी बाई उभी. हिरवं लुगडं, हातात झाकलेला डबा. म्हणाली, "पोरी काऊन हाकलल्या वं? बोलाव त्यायले. अन् ह्या डब्यातलं बुढीले ओळखू दे." कुणाची तरी पाहुणी असेल, असं समजून मी पोरींना बोलावणं धाडलं.

पोरी आल्या. पहिल्याच गाण्याला सासूबाई उठून बसल्या आणि टाळ्या वाजवत गाऊ लागल्या. आवाज दहा वर्षांच्या मुलीचा. मग खिरापत. झाकलेला डबा वाजवायचा, आत काय ते ओळखायचं, ओळखेल तिला पहिला घास. बाईनं डबा हलवला. सासूबाई रिकाम्या कोपऱ्याकडे पाहून हसल्या, "तू सांगू नको वं यशोदे!" यशोदा त्यांची धाकटी बहीण, लहानपणीच विहिरीत पडून गेलेली. मग म्हणाल्या, "गूळ-फुटाणे!" झाकण उघडलं, तर तेच. जिंकलेला घास त्यांनी माझ्या हातून खाल्ला, आणि दुसरा मागितला.

मी वळून पाहिलं, तर बाई नव्हती. पोरींना विचारलं, तर त्यातली एक म्हणाली,

"कोन बाई, काकू? डबा तं तुमीच वाजवून राह्यल्या होत्या."

डबा मात्र आमच्या घरातला नव्हता.

त्याचा अर्थ मी लावत बसले नाही. कोजागिरीला भुलाबाईची बोळवण झाली, तरी आमचा खेळ रोज चालू राहिला. डब्यात कधी शेंगदाणे, कधी भाकरीचा काला. 'मी तुमची सून' हे सांगणं मी सोडून दिलं. त्यांनी मला ओळखावं हा हट्ट माझा होता, त्यांची भूक त्यासाठी अडली नव्हती. जी कुणी आली होती, तिनं माझ्याच हातांकडून काम करून घेतलं. तिच्या पायांवर माझं डोकं आहे.

सासूबाई आणखी तीन वर्षं जगल्या. त्यांनी मला शेवटपर्यंत ओळखलं नाही. माझ्या हातचं मात्र शेवटपर्यंत खाल्लं.