लँटर्न शार्क, गुच्छी आणि माझी शिफारस

देशाचा बाजार खुला झाला तशी दिल्लीत आमच्या लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरांत गुडगावला जाण्याची साथ पसरली. बायकोनेही ठरवलं, मुलीला पहाडगंजच्या मराठी शाळेतून काढून तिकडच्या नव्या आंतरराष्ट्रीय शाळेत घालायचं. शाळेच्या तीन बाजूंना म्हशी होत्या. आंतरराष्ट्रीय होती ती चौथी.

प्रवेशासाठी एक प्रोजेक्ट मागितला होता: खोल समुद्रातला लँटर्न शार्क आणि जंगलातली गुच्छी ही अळंबी, यांची तुलना. मुलीने एक पान लिहिलं होतं. त्यात रकाने नव्हते, म्हणून मी ते बाजूला सारलं. माझी नोकरी सरकारी खरेदी विभागात. तुलना म्हणजे तक्ता, आणि तक्त्याखाली शिफारस. रविवारभर मी रकाने भरले. प्रकाश: पोटातून, स्वतःचा / लागू नाही. कणा: कूर्चेचा / लागू नाही. शेवटी सवयीने हात गेला: 'देखभालीस सोपी असल्याने गुच्छीची शिफारस करण्यात येते.'

"अहो, शार्क विकत घ्यायचाय का आपल्याला?" बायको म्हणाली. पण पान बदलायला वेळ नव्हता.

मुलाखतीला आम्ही तिघं गारठलेल्या केबिनमध्ये बसलो. प्रिन्सिपल बाईंनी तक्ता वाचला. हसल्या नाहीत, याची मला जास्त भीती वाटली.

"व्हेरी प्रोफेशनल. बेटा, ये आपने बनाया?"

"नहीं, बाबा ने. मेरावाला घर पे है."

टेबलाखाली माझा पाय हलायला लागला. बायकोने तो चपलेने दाबून धरला.

"अच्छा? उसमें क्या लिखा था?"

"शार्क अपनी लाइट साथ लेके घूमता है, कहीं भी रह लेता होगा. गुच्छी जंगल में अपने आप उगती है. दुकानवाले अंकल बोले, लाके गमले में लगाओ तो नहीं उगती."

बाई माझ्याकडे वळल्या. "सर, ये चार्ट आप रखिए. बेटी को मंडे से भेजिए."

परतीच्या बसमध्ये बायको पुढच्या सीटवर युनिफॉर्मची यादी वाचत होती, दोनदा मागे वळून हसली. मी मुलीच्या पाठीवर थाप मारली. म्हटलं, "खरं बोललीस, शाब्बास."



"खरं सांगितलं की घेणार नाहीत, असं वाटलं होतं मला, म्हणून सांगितलं," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.